जळालेल्या प्रागैतिहासिक घराची भुई खोदताना आधी राख साफ करायची का?

नाही. राख-माती एकदम उपसून फोटोसाठी भुई मोकळी करायची, मग तिच्यावर काय सापडतंय ते बघायचं, असा क्रम तुम्ही प्रश्नात लिहिलाय. त्यात घरातली सगळ्यात बोलकी जागा हातची जाते. जळिताचा तळ आणि भुईचा माथा यांच्यामधली बोटभर जाडी म्हणजे ती जागा. तुम्ही पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात आणि या हिवाळ्यात पहिल्यांदाच उत्खननाला निघालाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी डेक्कन कॉलेजात शिकले आणि आता ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांच्या वस्त्यांच्या मातीवर काम करते.

कुडाचं घर न जळता पडलं, तर काही पावसाळ्यांत भिंतीचा गिलावा विरघळतो आणि माती मातीत मिसळते. आग लागली की तोच गिलावा भाजून विटेसारखा होतो. मग पाऊस त्याला विरघळवत नाही, आणि त्याच्या आतल्या बाजूला काठ्यांचे, बांबूंचे, गवताचे ठसे तसेच राहतात. धान्य पुरतं न जळता करपून कोळसा झालं, तर त्याला ना कीड लागते ना बुरशी. म्हणून जळकं घर पुरातत्त्वात फार मोलाचं.

आता पडझडीचा क्रम डोळ्यांसमोर आणा. गवताचं छप्पर आधी पेटतं आणि त्याची राख थेट भुईवर पडते. मग वासे, आढं. भिंती शेवटी कोसळतात, आणि या सगळ्यावर पुढच्या पावसांनी वाहून आणलेली माती बसते. तुम्ही खणता उलट्या क्रमाने, त्यामुळे शेवटी हाताला लागते ती छपराची पातळ राख. ती भुईला चिकटून असेल, तर आग लागली तेव्हा घर वापरात होतं किंवा नुकतंच सोडलेलं होतं. राख आणि भुई यांच्यामध्ये बारीक गाळाचा पापुद्रा दिसला, तर घर आधीच ओस पडलं होतं, छपरातून पाणी गळत होतं आणि आग नंतर लागली. एवढा मोठा फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या गाळावर ठरतो. कुदळीला तो कळत नाही, ट्रॉवेललाही (माती खरवडायच्या लहान थापीलाही) घाईत कळत नाही.

म्हणून संपूर्ण खोली एकदम उघडू नका. खोलीचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन आधी खोदा आणि मधली उभी कड वाचून, रेखाटून घ्या. ‘दहा सेंटिमीटर खाली गेलो की नवा थर’ असा हिशोब इथे चालत नाही. थर जसा चढतो-उतरतो तसं त्याच्यामागे जायचं. भाजलेल्या गिलाव्याचा तुकडा उचलण्याआधी त्याची ठशांची बाजू वर आहे की खाली, हे नोंदवा. भिंत आत पडली की बाहेर, ते यावरूनच ठरतं. आणि फवारणीचा पंप जवळ ठेवा. आपल्याकडच्या उन्हात माती दुपारपर्यंत सगळी एकाच रंगाची दिसायला लागते. हलका फवारा मारला की राखाडी, तांबूस, काळा असे पट्टे पुन्हा उमटतात.

भुईवर फुटलेलं मडकं सापडलं तर खापऱ्या एकत्र गोळा करून पिशवीत टाकू नका, प्रत्येकीची जागा मांडा. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे, जुळणाऱ्या दोन खापऱ्यांपैकी एक तांबडी आणि एक काळी निघते. म्हणजे मडकं आधी फुटलं आणि तुकडे आगीत वेगवेगळ्या जागी पडले. सगळ्या खापऱ्यांवरून डाग सलग जात असेल, तर ते फुटलं नंतर.

पण भुई म्हणजे तरी एक थर थोडाच असतो! शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पुरातत्त्वज्ञ सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९६८पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन झालं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० एवढ्या काळातली शंभराहून अधिक घरं तिथे उजेडात आली. अशा घरांत भुई चोपलेली, वरचेवर सारवलेली, पुन्हा नवी घातलेली असते. मोठ्या वस्तू झाडून बाहेर जातात. भुईत रुतून राहतात ते बारीक मणी, गारेच्या छिलक्या (दगडी हत्यारं घडवताना उडालेले तुकडे), माशांचे काटे, आणि तेही कोपऱ्यांत आणि चुलीच्या कडेला जास्त. त्यामुळे भुईवरच्या मातीचे नमुने अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या चौकटींतून वेगवेगळे घ्या आणि पाण्यात तरंगवून करपलेले दाणे वेगळे करा. सारवणाचे सलग पापुद्रे बघायचे असतील, तर भुईचा ठोकळा तसाच कापून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथे तो राळेत घट्ट करून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

इनामगावला मुलांची दफनं घरांच्या भुईखाली, तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांत मिळाली. तेव्हा भुईत गोल डाग दिसला की पहिला प्रश्न हाच: हा खड्डा कोणत्या भुईतून खोदला? वरची भुई त्याच्यावरून सलग गेलीय, की त्याने ती कापलीय? हे न बघता खाली गेलात, तर दफन चुकीच्या पिढीच्या नावावर जाईल.

आग मुद्दाम लावली होती का, हा तुमचा दुसरा प्रश्न. युरोपात सर्बियातल्या ओपोवोसारख्या प्रागैतिहासिक वस्त्यांत पुरातत्त्वज्ञ रूथ ट्रिंगम आणि मिरियाना स्तेवानोविच यांनी घरं जाणूनबुजून जाळल्याची मांडणी केली. पुढे युक्रेनमध्ये नेबेलिव्का इथे प्रयोगासाठी घर बांधून जाळलं, तेव्हा उत्खननात सापडतो तितका गिलावा भाजायला भरपूर जादा लाकूड लागलं. ते निष्कर्ष आपल्या घरांना जसेच्या तसे लावू नका, असं मला ठामपणे वाटतं. तिकडच्या भिंतींत लाकूड आणि माती दोन्ही भरपूर. आपल्याकडे बुटक्या भिंती आणि गवताचं छप्पर. चुलीशेजारची लाल झालेली भुईसुद्धा जळिताचा पुरावा नव्हे, ती रोजच्या स्वयंपाकाची असते. घरभर सारखी, भिंतींच्या पायापर्यंत पोचलेली भाजणी दिसली तरच पुढचा विचार.

कालमापनासाठी आढ्याचा कोळसा घेण्याचा मोह टाळा. झाड घर जळण्याच्या कितीतरी आधी वाढलेलं असू शकतं, आणि चांगलं लाकूड लोक पुन्हा वापरतात. करपलेला जवाचा दाणा एकाच हंगामाचा असतो, तो घ्या. पण आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचे दाणे त्यांतून खाली घसरतात. नमुना भेगेपासून दूर, अखंड भुईवरच्या राखेतून किंवा बंद मडक्यातून उचला, आणि उचलण्याआधी भेगा नकाशावर काढून ठेवा.