‘भॉक’ केलं की किंचाळणारी मी हॅलोवीनला जाऊ का?

“मॅडम, सगळे जाणार आहेत. नाही म्हटलं तर वाईट दिसेल, आणि गेले तर माझं काय होईल ते मला माहीत आहे.”

समुपदेशनाचा व्हिडिओ कॉल होता. पुण्यात माझ्याकडे सकाळचे सहा वाजले होते, तिच्याकडे अमेरिकेत फ्लोरिडात आदल्या रात्रीचे साडेआठ. वय 29, मूळची सांगलीकडची, टँपात नोकरीला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हॅलोवीन म्हणजे ऑक्टोबरअखेरचा, भुताखेतांची सोंगं घेण्याचा तिकडचा सण. ऑफिसच्या ग्रुपने ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल या करमणुकीच्या पार्कमधल्या ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ची तिकिटं काढली होती. 1991 साली सुरू झालेला हा कार्यक्रम रात्रीचा असतो आणि त्याचं तिकीट वेगळं. भीतीची घरं उभारलेली असतात, रस्त्यांवर धूर सोडलेला असतो. त्या धुरातून मेकअप, मुखवटे केलेले कलाकार अंगावर येतात, काहींच्या हातात साखळी काढलेल्या पण घरघरणाऱ्या करवती असतात. 13 वर्षांखालच्या मुलांना आणू नका, असं पार्कच सांगतं.

आणि ही मुलगी कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी.

ऑक्टोबर जवळ आला की परदेशातल्या मराठी मुलामुलींकडून हा प्रश्न मला हमखास येतो. “मी इतकी घाबरट का?” हे त्याच्या पोटात असतंच. म्हणून पहिल्यांदा दचकण्याबद्दल बोलले. अचानक आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. हे सगळं मेंदूच्या खालच्या भागातून, विचार सुरू होण्याआधीच घडून जातं. त्यात धैर्याचा संबंध नाही. कुणाचं दचकणं मोठं, कुणाचं छोटं. अंधारात आणि मन आधीच धास्तावलेलं असताना ते आणखी वाढतं, आणि अशी घरं बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

तिने ऐकून घेतलं, पण चेहरा सैल झाला नाही. मी विचारलं, “तू किंचाळलीस असं समज. पुढच्या क्षणाला तुला काय दिसतं?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सगळे हसतायत.”

तिथून गोष्ट उलगडली. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी भावंडं जमायची. मामेभाऊ दाराआड लपून ‘भॉक’ करायचा. ही किंचाळायची, एकदा तर हातातली आमरसाची वाटी सांडली. ओसरीवरची मोठी माणसंसुद्धा हसली आणि तेव्हापासून घरात नाव पडलं, भित्री भागूबाई. वीस वर्षं झाली, अजून लग्नकार्यात कुणीतरी ते नाव काढतंच. तिला त्या भुतांचं फारसं काही नव्हतं. आपण ओरडू, कुणीतरी मोबाइलवर ते टिपेल आणि सोमवारी ऑफिसात सगळे बघतील, याने तिची झोप उडाली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घाबरलेल्या माणसाला “काय घाबरायचं त्यात” म्हणताना आपण बहुतेकदा भलत्याच भीतीशी बोलत असतो.

मग तयारी केली. “धाडस कर” असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. डेन्मार्कच्या आर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी एका भुताच्या घरात 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. भीती अगदी कमी असली तरी मजा येत नाही आणि फार झाली तरी नाही, मजा मधे कुठेतरी असते, असं त्यांना दिसलं. त्याच गटाच्या आणखी एका अभ्यासात, नजर वळवून किंवा सोबत्याला धरून भीती कमी करत जाणारे लोकही भीती वाढवून घेणाऱ्यांइतकेच खूश होऊन बाहेर पडले होते. हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे डोळे मिटले तरी चालतं?” चालतं. कानात बोळे घातलेले चालतात, रांगेच्या मधोमध राहिलेलं चालतं, दारातून परत फिरलेलंही चालतं. कलाकार अंगाला हात लावत नाहीत, हेही तिला आधी माहीत नव्हतं.

मागच्या वर्षांचे व्हिडिओ तिने दुपारच्या उजेडात, आवाज बारीक करून पाहिले. लांब श्वास सोडायची सवय केली, कारण धास्तीत आपण श्वास धरून ठेवतो. आणि तिला सगळ्यात जड गेलेलं काम म्हणजे ग्रुपला आधीच सांगणं: “मी फार दचकते. एकाच घरात येईन. माझा व्हिडिओ काढू नका.” हे वाक्य तिने माझ्यासमोर पाच वेळा म्हटलं, दोनदा रडू आलं.

(दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एखाद्या हिंसेच्या आठवणी ताज्या असतील तर जाऊच नका. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याला वेगळे उपचार आहेत.)

ती गेली. एका घरात शिरली, किती वेळा किंचाळली ते मोजायचं राहून गेलं. दुसऱ्या घराच्या रांगेतून बाहेर पडली, तेव्हा एक सहकारी मुलगी “मीही नाही येत” म्हणत तिच्याबरोबर निघाली. दोघी राइड्सवर बसल्या. रस्त्यावर एक राक्षस गुडघ्यांवर घसरत तिच्यापाशी आला, तेव्हा दिव्याच्या उजेडात तिला त्याचे काळे नीपॅड दिसले. “बिचारा रात्रभर असा घसरत असेल,” ती मला म्हणाली.

डिसेंबरात ती गावी आली. मामेभाऊ, आता दोन मुलांचा बाप, सवयीने दाराआडून भॉक करून गेला. ती किंचाळली, सगळे हसले. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, “दादा, मला हे आवडत नाही. लहानपणीही आवडत नव्हतं.” ओसरीवर कुणी काही बोललं नाही. मामीने चहाचा कप आणून तिच्या हातात दिला आणि तिच्याशेजारी बसली.