मास्कची भीती वाटते, पण घरात सगळे मला वाघीण म्हणतात

पत्र: ताई, मी १५ वर्षांची आहे, दहावीत. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता मुंबईत राहून ३० वेळा रेडिएशन घ्यायचंय. परवा डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर लावायचा मास्क बनवला तेव्हा गुदमरल्यासारखं झालं, खूप रडले. घरी सगळे म्हणतात तू आमची वाघीण, त्यामुळे घाबरले असं बोलताच येत नाही, आईला सांगितलं तर ती अजून खचेल. केसांबद्दल कोणी बोलत नाही. काकू म्हणते लहान भावाला तुझ्याजवळ झोपवायचं नाही. काय करू?

उत्तर: अगं, वाघीण व्हायची काही गरज नाही. रेडिएशनला शूरपणा लागत नाही, काही मिनिटं न हलता पडून राहावं लागतं, आणि ते घाबरलेल्या माणसालाही जमतं. चेहऱ्यावर कडक प्लास्टिक बसवून टेबलाला क्लिपा लावल्या की मोठी माणसंसुद्धा हादरतात.

मास्क घट्टच असतो, तो तुला भास झाला नाही. ती जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात आणि थंड होताना ती थोडी आवळते. डोकं रोज अगदी त्याच जागी यावं म्हणून हे सगळं. पण भोकं असतात, श्वास घेता येतो. पहिल्या दिवशी टेक्निशियनला सरळ सांग की मला मास्कची भीती वाटते, आधी हातात द्या, एकदा लावून काढून दाखवा, मग सुरू करा. गाणी लावतात का, आईला माइकवरून बोलू देतात का, तेही विचार. मशीन चालू असताना टेक्निशियन बाहेर जातात पण त्यांना कॅमेऱ्यातून तू दिसत असतेस, हात कसा वर केला की थांबतील ते आधीच ठरवून घे. मेंदूची सूज कमी करायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि त्यांनी चेहरा सुजला आणि मास्क रुतायला लागला तर सहन करत बसू नकोस, बदलून देता येतो. एवढं करूनही जमलंच नाही तर भीती कमी करायचं औषध असतं, ते मागायला लाजायचं नाही.

मशीन आवाज करत फिरतं, अंगाला लागत नाही, दुखत नाही. काहींना डोळे मिटलेले असतानाही निळसर उजेड दिसतो किंवा ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो, तसं झालं तर घाबरू नकोस, डॉक्टरांना सांग फक्त.

आणि काकूंना सांग, मशीन बंद झालं की रेडिएशन संपलं, तुझ्या अंगात काही उरत नाही. भावाला खुशाल कुशीत घेऊन झोप. हे ऐकून मला खरंच राग आला, कारण या दिवसांत तुला माणसं जवळ हवीत आणि नेमकं तेच काढून घेतायत.

केस जातात गं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, उशीवर, कंगव्यात. संपल्यावर काही महिन्यांनी परत यायला लागतात, पण जिथे डोस जास्त तिथे विरळ राहू शकतात, तुझ्या बाबतीत किती ते डॉक्टरांना स्पष्ट विचार. आधीच कापायचे की गळू द्यायचे हे तू ठरव, बाकी कोणी नाही. आजी डोक्याला तेल लावायला आली तर प्रेमाने सांग की आत्ता नको, त्वचा नाजूक होते, डॉक्टर सांगतील तेवढंच लावायचं.

थकवा शेवटी शेवटी वाढतो आणि सगळं संपल्यावर महिना-दीड महिन्याने काहींना नुसती झोप येत राहते. तो आळस नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर दहावी दहावी करून मागे लागतील. पुढे लक्षात ठेवायला वेळ लागू शकतो, त्यामुळे परीक्षेत जादा वेळेसाठी शाळेशी आणि डॉक्टरांशी लवकर बोला.

राहिली आई. तिला दिसतंय गं तू घाबरलीयेस ते, तुम्ही दोघी एकमेकींपासून लपवताय आणि दोघी एकट्या पडताय. मोठं काही बोलू नकोस, "मला मास्कची भीती वाटते, आत जाईपर्यंत माझा हात धर" एवढंच म्हण. रडली तर रडू दे, तिच्याबरोबर तूही रड. हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर किंवा समुपदेशक असतात, तिला त्यांच्याशी बोलायला सांग, तिला सांभाळणं हे तुझं काम नाही.

दर आठवड्याला डॉक्टर तपासतात तेव्हा सगळे प्रश्न तूच विचार, बाबांनी नाही. वहीत लिहून ने. फक्त डोकं खूप दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, फिट आली किंवा खूप गुंगी आली तर तपासणीच्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटलला फोन करायचा, रात्र असली तरी.