कानाला यंत्र आहे, तरी वर्गात समजत नाही

ताई, नमस्कार.

लेकीच्या दोन्ही कानांना यंत्र आहे, बारावीला ८४ टक्के पडलेत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागलाय आणि घरचे म्हणताहेत, ‘एवढ्या मोठ्या वर्गात तिला काय ऐकू येणार? बाहेरून बी.ए. करू दे.’ काय करू, असं तुम्ही विचारलंत.

प्रवेश सोडू नका. शाखा बदलावी असं तुमच्या पत्रात मला काहीच दिसलं नाही. बदलायला हवी ती वर्गातली सोय.

क्लासमध्ये पुढे बसूनही तिचं निम्मं सुटायचं, असं तुम्ही लिहिता. त्यात तिचं लक्ष कमी पडत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो आणि यंत्र सरांच्या आवाजासोबत पंख्याची घरघरही मोठी करतं. त्यातून सर फळ्याकडे वळून बोलू लागले की ओठही दिसत नाहीत. म्हणून माइक सरांच्या कॉलरला हवा. तो आवाज थेट यंत्रात येतो. तिच्या यंत्राला कोणता वायरलेस माइक जुळतो, हे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करून यंत्र लावून देणाऱ्या तज्ज्ञाला विचारा, खरेदी त्यानंतरच. मागच्या बाकावरून कुणी शंका विचारली, तर ती या माइकमध्ये येत नाही. सरांनी प्रश्न एकदा स्वतः बोलून मगच उत्तर द्यावं, एवढी विनंती नक्की करा.

जोडीला फोनवर ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ घ्या. कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठाला सोबत घेऊन गूगलने २०१९ मध्ये आणलेलं हे मोफत ॲप बोललेलं लगेच अक्षरांत दाखवतं, मराठीतही. पण आपले प्राध्यापक अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलतात. तिथे ते अडखळतं. समीकरणांची तर दैनाच होते. म्हणून स्लाइड्स आदल्या दिवशी मिळायला हव्यात. तांत्रिक शब्द आधी डोळ्यांखालून गेले असले, की चुकलेला शब्दही तिला ओळखता येतो.

हे मागताना उपकार मागतोय असं मनात आणू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशा वाजवी सोयी करून देणं कॉलेजचं काम आहे. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या. तोही तासिका सुरू होण्याआधी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) ‘सक्षम’ शिष्यवृत्तीचाही अर्ज भरा. वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, त्यात माइकचा खर्च निघू शकेल.

ती वर्गात यंत्र केसांखाली लपवते, हे वाचून मी थोडी थांबले. त्यावरून तिला रागावू नका. मात्र अर्ज तिलाच लिहू द्या आणि विभागप्रमुखांकडे जाताना तुम्ही बाहेर थांबा. तिला काय ऐकू येतं, काय सुटतं, हे तिच्याइतकं नेमकं तुम्हालाही सांगता येणार नाही.

पहिली चाचणी झाली की कोणत्या विषयात अडतंय ते कळवा. प्रॅक्टिकलच्या गोंगाटाचं काय करायचं, ते तेव्हा बघू.