बॅटमॅनचा ‘आर्खम असायलम’ हा जुना गेम आता घेऊन खेळण्यासारखा आहे का? त्यात चांगलं काय, वाईट काय?

तुम्ही निपाणीहून विचारलंय, लॅपटॉप जुना आहे, सेलमध्ये गेम स्वस्त दिसतोय, आणि धडाधड मारामारीपेक्षा दबा धरून खेळायला जास्त आवडतं. मग घ्याच. हा गेम मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्यानंतर आणखी तीनदा पूर्ण केला, शेवटचा यंदाच्या उन्हाळ्यात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गेम २००९ चा, लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओजनं बनवलेला. कथा पॉल डिनीची. जोकरची साथीदार हार्ली क्विन हे पात्र ज्या दोघांनी घडवलं त्यातला हा एक. बॅटमॅनचा आवाज केविन कॉनरॉयचा, त्याचा कट्टर वैरी जोकरचा मार्क हॅमिलचा. बॅटमॅन जोकरला पकडून आर्खमच्या वेड्यांच्या इस्पितळात आणतो, तिथं तो सुटतो आणि सगळं बेट ताब्यात घेतो. एक बेट आणि एक रात्र, एवढाच पसारा. आज गेममध्ये शहरंच्या शहरं देतात आणि त्यातला निम्मा वेळ रस्ता तुडवण्यात जातो. इथं प्रत्येक खोलीला कारण आहे.

आता तुमच्या मुद्द्याचं. या गेमचं खरं बळ कशात आहे सांगू? इथला बॅटमॅन बंदुकीपुढं टिकत नाही. रिकाम्या हाताच्या दहाजणांना तो लोळवेल, पण बंदूकवाल्यासमोर उभा राहिला तर काही क्षणात खलास. आणि गेम तुम्हाला मोठ्या दालनात सोडतो, जिथं पाच-सहा बंदूकवाले फिरतायत. छताजवळ दगडात कोरलेली राक्षसी तोंडं भिंतीतून बाहेर आलेली असतात, त्यांना गार्गॉइल म्हणतात. हूक मारून त्यांच्यावर चढायचं आणि अंधारात बसून खालच्यांच्या वाटा पाठ करायच्या. शिवजयंतीचे चित्ररथ बघत वाढलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. हा सरळ गनिमी कावा आहे. एकटा पडलेला गाठायचा, बाकीचे धावत येईस्तोवर आपण दुसऱ्या टोकाला.

एक प्रसंग सांगतो. एक गुंड गार्गॉइलखालून चालला होता. मी वरून झेप घेतली, त्याला उचललं आणि उलटा टांगून ठेवला. त्याची किंकाळी ऐकून दोघं तिथं आले आणि वर बघत उभे राहिले. मी लांबून बॅटरँग, म्हणजे वटवाघळाच्या आकाराचं फेकायचं पातं, मारून दोरी तोडली. तो माणूस धपकन त्यांच्या पुढ्यात पडला आणि दोघं बिथरून कुठंही गोळ्या झाडायला लागले. गेममध्ये प्रत्येकाच्या काळजाचे ठोके दिसतात. सुरुवातीला निवांत असलेला माणूस शेवटी एकटा उरला की थरथरत मागं वळून वळून बघतो. तुम्ही त्याला हात लावण्याआधीच तो अर्धा हरलेला असतो. भीती हेच हत्यार, हे बॅटमॅनबद्दल सगळे बोलतात. ते हातात कंट्रोलर घेऊन करायला मी पहिल्यांदा इथंच शिकलो.

ज्या मित्राच्या घरी खेळायचो, तिथं त्याची आजी मागं बसून शेंगा फोडत बघायची. हा टांगलेला माणूस बघून तिनं विचारलं, “मेला काय रे त्यो?” मी म्हटलं, “नाही आजी, बेशुद्ध आहे. हा कुणाला मारत नाही.” “मग बरं हाय की,” म्हणाली. ती म्हणाली तेव्हा मलाही ते नव्यानं कळलं. सगळा गेम एकही खून न करता संपतो, आणि तरी तो कुठं मिळमिळीत होत नाही.

समोरासमोरची मारामारीही चांगली आहे. बटणं बडवत बसू नका, तिथंच नवखे लोक फसतात. शत्रू हात उगारतो तेव्हा त्याच्या डोक्यावर खूण चमकते, त्या क्षणाला काउंटरचं, म्हणजे उलट वाराचं, बटण दाबायचं. चाकूवाल्याला आधी झग्यानं गरगरवून मग मारायचं, विजेचा दंडुका असलेल्याच्या डोक्यावरून उडी मारून त्याला मागून गाठायचं. लेझमीसारखा ताल आहे त्याला; एकदा सापडला की मोडू नये असं वाटतं. नंतर कित्येक गेमनी ही पद्धत उचलली.

आणि स्केअरक्रो हा दुसरा खलनायक! त्याच्या विषारी वायूनं बॅटमॅनला भास होतात, असे तीन प्रसंग आहेत. फार सांगत नाही, मजा जाईल. इतकंच सांगतो की तिसऱ्या वेळी पडदा असा विस्कटला की मित्राचं ग्राफिक्स कार्ड गेलं असं समजून माझा हात थेट सीपीयूच्या बटणावर गेला. तुम्ही तसं करू नका. थांबा आणि बघत राहा.

आता उणं काय ते. पहिली आणि मोठी तक्रार डिटेक्टिव्ह मोडची. एक बटण दाबलं की सगळं निळं होतं, भिंतीपलीकडचे लोक हाडांच्या सापळ्यासकट दिसतात, बंदूकवाले लाल. इतकं सोयीचं आहे की माणूस ते बंदच करत नाही. मग ज्या कलाकारांनी त्या ओलसर भिंती, गंजलेली दारं, काचघरातली झाडं जीव ओतून रंगवली, ती सगळी निळ्या धुरात जातात. गेमनं याला काही आवर घालायला हवा होता. पहिल्या वेळी मी निम्मा गेम निळाच बघितला, आणि त्याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरी तक्रार मोठ्या लढतींची. टायटन नावाच्या औषधानं फुगलेले राक्षस अंगावर धावून येतात, बॅटरँग मारायचं, बाजूला व्हायचं, ते भिंतीवर आपटतात. एकदा छान, तिसऱ्यांदा तेच, पुढं आणखी तेच. किलर क्रॉक या मगरीसारख्या खलनायकाच्या गटारात तर हळूहळू चालत राहण्याचाच भाग लांबतो. आणि शेवटची जोकरची लढत मला मनापासून खटकते. जोकर हा डोक्यानं छळणारा माणूस. त्यालाही फुगवून धक्काबुक्कीला उभा करणं म्हणजे आधी दहा तास जे कमावलं ते विसरणं. जिथं बॅटमॅन दुबळा असतो तिथं हा गेम उंच जातो, आणि जिथं नुसती ताकदीला ताकद भिडते तिथं तो खाली येतो. हे ध्यानात ठेवून खेळलात तर शेवट कमी खटकेल.

बाकी किरकोळ. कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकाची २४० कोडी आणि ट्रॉफ्या आहेत, सगळ्या गोळा करायची सक्ती नाही. रुग्णांच्या मुलाखतींच्या टेप मात्र सोडू नका, त्या ऐकण्यासारख्या आहेत. इंग्रजी भरभर कळत नसेल तर सबटायटल चालू ठेवा. गेम आपोआप सेव्ह होतो, थोड्या थोड्या अंतरावर. आमच्याकडं करंट जायचा तेव्हा फार तर एक खोली परत खेळावी लागायची.

पैसे देऊनच घ्या, हे मात्र आग्रहानं सांगतो. आम्ही तेव्हा कुणीतरी दिलेली कॉपी घातली होती. सुरुवातीलाच विषारी वायूनं भरलेली एक खोली येते, ती वरून तरंगत ओलांडायची असते. आमचा बॅटमॅन झगा उघडायचा, मिटायचा, उघडायचा आणि खाली पडायचा. तीन संध्याकाळी गेल्या. नंतर कळलं की चोरीच्या कॉपीत हे मुद्दाम घातलं होतं; एका खेळाडूनं फोरमवर हीच तक्रार केली तेव्हा प्रकाशकांच्या माणसानं त्याला जाहीरपणे तसं सांगितलं होतं. शेवटी मित्रानं हा गेम विकत घेतला आणि आम्ही त्या खोलीवरून अलगद तरंगत गेलो, तो आनंद अजून आठवतो.

पुढचा ‘आर्खम सिटी’ २०११ चा, तो आकारानं मोठा आणि मोठ्या लढतींत सरस आहे. ‘आर्खम नाइट’ २०१५ चा, दिसायला देखणा, पण त्यात गाडीचा अतिरेक आहे, आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपला तो झेपायचा नाही. क्रमानं जा.

पहिल्यांदा ‘नॉर्मल’ पातळीवर खेळा. ‘हार्ड’ या अवघड पातळीवर ती डोक्यावरची खूण दिसत नाही, ते दुसऱ्या वेळेला ठेवा. आणि पहिल्या बंदूकवाल्या दालनात पोचलात की डिटेक्टिव्ह मोड बंद करा, रात्री दिवा मालवून कानाला हेडफोन लावा, गार्गॉइलवर मिनिटभर नुसते बसा आणि खालचे गुंड आपसात काय बोलतात ते ऐका.