अगरूचं तेल: भट्टी लावण्याआधी

तेल काढायची भट्टी तांब्याची की स्टीलची, हा वाद तूर्त बाजूला ठेवा. आधी लाकूड बघा. राळ न धरलेलं पांढरं लाकूड कितीही उकळलंत तरी हाती फारसं काही लागणार नाही. आणि घेताना कागदपत्रं मागाच. अक्विलेरिया, म्हणजे अगरूचं झाड, सायटिसच्या (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

खरा फरक भिजवण्यात पडतो. भुगा पाण्यात जितका जास्त आंबेल, तितका तेलाला गोठ्यासारखा वास चढतो. काहींना तोच हवा असतो; मला मात्र कमी भिजवलेलं, लाकडाचा मूळ गंध राखणारं तेलच आवडतं.

आच मंद, एकसारखी ठेवा. तेलातले सेस्क्विटर्पीन, म्हणजे वास देणारे घटक, जड असतात, वाफेबरोबर सावकाश वर येतात. भट्टी घाईने उतरवू नका. सुरुवातीचं आणि शेवटचं तेल वेगवेगळ्या बाटल्यांत भरा. ताज्या तेलाला जळकट वास असू शकतो, काही आठवडे मुरू द्या आणि मगच मत बनवा.