‘परत व्हायचं नाही, एवढं सांगा’

हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न फिरून फिरून एकच: तो परत बंद पडला तर? आप्पांचा (नाव बदललंय) पडलाच होता. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे अडत्ये. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनानं थांबवली. स्टेंटमध्ये गुठळी झाली, अँजिओप्लास्टीच्या फुग्यानं रस्ता मोकळा होईना, रात्रीत बायपास करावा लागला.

जखम भरली, पण आप्पा सौद्याला जाईनात. बोलताना बोटं सतत डाव्या मनगटावर, नाडी मोजत. “रात्री ह्यांचा श्वास चाललाय का बघायला मी उठतो,” काकू म्हणाल्या.

“परत व्हायचं नाही, एवढं सांगा. मग मी सुटलो.”

“ते मी सांगणार नाही. डॉक्टरही सांगणार नाहीत.”

आप्पा तडकले. “मग हितं यायचं कशाला?”

“उद्या गुळाचा दर काय निघेल?”

“ते कोण सांगणार?”

“तरी गुऱ्हाळवाल्याला उचल देता?”

बराच वेळ ते गप्प. मीही मध्ये बोलले नाही. ही शांतता सांभाळणं मला जमतं. मग मनगटावरची बोटं सुटली. “माणूस बघतो, ऊस बघतो, मग देतो.”

“इथं काय बघाल?”

“गोळी,” ते पुटपुटले. “आणि विचारल्याशिवाय बंद करायची नाही.”

भीती आजारानं तेवढी टिकत नाही, जेवढी हमीच्या हट्टानं टिकते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे असे हट्टी विचार ओळखून बदलायची पद्धत, मी धरून आहे ती यासाठीच. हट्ट सुटला की हातातलं काम दिसतं. आप्पा त्यानंतर यार्डात जाऊ लागले, आधी तासभर, मग सकाळभर.

तुमच्या हातातलं काम असं: स्टेंटमध्ये उशिरा गुठळी झाली तरी बहुतेकदा ती पुन्हा अँजिओप्लास्टीनंच मोकळी करतात, तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. दाढ बहुधा गोळी चालू ठेवूनही काढता येते, दंतवैद्यांना स्टेंटचं आधी सांगा. छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, थेट १०८. आणि बायपासनंतर झोप उडणं, उगाच रडू येणं आठवडेच्या आठवडे चाललं, तर तेही तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना सांगा. आपल्याकडचे पुरुष नेमकं तेवढंच गाळतात.