पत्र ज्याचं, त्याला पोचव

प्रिय लेकरा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. आपल्या मासिकाच्या अंकाला येणारी पत्रं उघडायचं आणि उत्तरं द्यायचं काम आता तुझ्याकडे आलंय, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस, "मावशी, लोक इतकं भरभरून लिहितात की वाचताना अवघडल्यासारखं होतं. या कौतुकाचं करायचं काय?" सव्वीस वर्षं मी ते काम केलं. पहिली काही वर्षं चुकीचं केलं, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेव. आपल्या अंकामागे कुठला धर्मप्रांत नाही, मिशन नाही, ट्रस्टची इमारत नाही. चार-पाच घरांनी मिळून चालवलेलं हे मासिक. वर्गणी, सणासुदीच्या दोन-चार जाहिराती आणि देणग्या, यांवर कागद आणि छपाई निभते. लेखकाला मानधन म्हणून एक रुपया आपण आजवर देऊ शकलेलो नाही. अंकाच्या दोन प्रती पाठवतो, तेवढंच. मग लोक आपल्याकडे का लिहितात? आपला लेख कुणीतरी वाचतंय, एवढ्या भरवशावर लिहितात. तो भरवसा त्यांच्यापर्यंत कोण पोचवणार? आता तू.

पूर्वी वर्गणी मनीऑर्डरने यायची. तू ती पाहिली नसशील, २०१५ साली ती जुनी पद्धत बंद झाली. त्या फॉर्मला खाली एक चिठ्ठी असायची. पोस्टमनदादा पैसे मोजून द्यायचे, आपण सही करायची आणि ती चिठ्ठी फाडून आपल्याकडे ठेवायची. चार बोटं जागा. पैसे पाठवणाऱ्याने निरोप लिहावा म्हणून सोडलेली. त्या चार बोटांत माणसं काय काय लिहायची! "पुढच्या सालाची वर्गणी. पान ९ सासूबाईंना तीनदा वाचून दाखवलं." "अंक बंद करू नका. कापूस विकला की आणखी पाठवते." एका चिठ्ठीवर नुसतं "पोचला. रडलो." एवढंच होतं, खाली गावाचं नावही नीट लागत नव्हतं. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. जपून ठेवल्या म्हणजे आपलं काम झालं, असं मला वाटायचं. चूक तिथंच झाली.

आपल्याकडे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक लिहायचे. खेड्यापाड्यातल्या जुन्या चर्चांवर त्यांनी वर्षभर लिहिलं. मोठं काही नाही, दर महिन्याला एकेक पान. एका लेखात त्यांनी आपल्या गावच्या घंटेबद्दल लिहिलं होतं. गावाला खरी घंटा परवडली नव्हती, म्हणून लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता आणि उपासनेच्या आधी त्यांचे वडील लोखंडी कांबीने तो वाजवायचे. पहिला ठोका कसा बसका यायचा, दुसरा कसा शिवारभर जायचा, आणि बाया भाकरी थापता थापता ठोके मोजून तव्याखालचा जाळ कसा ओढून घ्यायच्या, हे सगळं त्यात होतं. त्या लेखमालेवर वर्षभरात अकरा पत्रं आली. मी ती वाचली, सुखावले, दोन अंकात छापली आणि बाकीची डब्यात ठेवली. गुरुजींना स्वतंत्रपणे काहीच कळवलं नाही. अंकात दोन छापून आलीत, ती ते वाचतीलच, असं मी धरून चालले.

पुढच्या पावसाळ्यात गुरुजी गेले. दफनविधी आटोपल्यावर त्यांच्या घरी बसलो होतो. चहा झाला, बाया आवरायला उठल्या, आणि गुरुजींच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "का हो, यांचं लिहिलेलं कुणी वाचायचं का? शेवटी शेवटी डोळे गेले होते त्यांचे. मला अंकातलं सगळं वाचता येत नाही. ते विचारायचे, आणि मी म्हणायचे, वाचत असतील की लोक."

लेकरा, नऊ पत्रं माझ्या घरी डब्यात होती.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन गेले आणि एकेक करून बाईंना वाचून दाखवली. त्यातलं एक जालन्याकडच्या एका माणसाचं होतं. त्याने लिहिलं होतं की आमच्याकडेही रुळाचाच तुकडा आहे, तो वाजवायची मला लाज वाटायची, गुरुजींचा लेख वाचल्यापासून वाटत नाही. ते पत्र बाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग घडी घालून उशीखाली ठेवलं. ज्याच्यासाठी ते लिहिलं गेलं होतं, तो माणूस आदल्या दिवशी मातीआड झाला होता.

त्या दिवसापासून मी नियम केला आणि तोच तुला सांगते. एखाद्या लेखाबद्दल पत्र आलं की त्याच आठवड्यात ते लेखकाकडे गेलं पाहिजे. मूळ पत्रच पाठव, झेरॉक्स आपल्याकडे ठेव. लेखकाला वाचता येत नसेल, डोळ्यांनी दिसत नसेल, तर फोन करून वाचून दाखव. लेखक गेलेला असेल तर घरच्यांना पाठव. आणि ज्याने पत्र लिहिलं त्याला एक ओळ कळव, की तुमचं पत्र अमुक यांना दिलं. या एका ओळीनं तो माणूस पुन्हा लिहितो, हे मी कितीदा पाहिलंय.

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातच, राहुरीजवळच्या केंदळला १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय फादरांनी 'निरोप्या' मासिक सुरू केलं. आजही ते निघतं. एका मासिकाला निरोप पोचवणाऱ्याचं नाव द्यावं, हे मला फार आवडतं. निरोप देणारा वेगळा, घेणारा वेगळा, निरोप्याने मध्ये चालत राहायचं. तुझं काम तेच आहे, फक्त तुला दोन्ही दिशांनी चालायचंय.

आता कौतुकाच्या पत्रांबद्दल. "अंक अतिशय सुंदर, प्रभू आपल्या कार्याला आशीर्वाद देवो," अशी पत्रं पुष्कळ येतील. ती मनापासून लिहिलेली असतात, त्यांना प्रेमानं उत्तर दे, पण छापायला जागा नसेल तर खुशाल बाजूला ठेव. ज्या पत्रात पानाचा आकडा आहे, एखादं वाक्य आहे, घरातल्या कुणाचा तरी उल्लेख आहे, ते आधी छाप. आणि संपादकांची स्तुती करणारा मजकूर छापताना काढून टाक. पत्र कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी काढ.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, निवडणुका जवळ आल्या की कौतुकाची पत्रं अचानक वाढतात, हेही सांगून ठेवते. त्यात मधेच कुणाच्या तरी कार्याचा गौरव असतो आणि ते पत्र पुढच्याच अंकात यावं असा आग्रह असतो. अशा पत्रांना उत्तर दे, आणि निवडणूक होईपर्यंत छापू नकोस.

लिहिणाऱ्यांचं कौतुक कसं असतं, तेही पाहा. पाथर्डीकडच्या एका बाईंनी आपल्याला आईच्या प्रार्थनेवर लेख पाठवला होता. त्यात त्यांनी सगळीकडे 'भाकर' लिहिलं होतं. प्रुफं तपासणाऱ्या मुलानं प्रमाण म्हणून सगळीकडे 'भाकरी' केलं. मी ते परत 'भाकर' करून घेतलं. आपण दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर' मागतो, मग त्या बाईंच्या आईनं चुलीपुढे बसून दुसरं काय म्हणायचं? अंक निघाल्यावर बाईंचं पत्र आलं. लेख छापल्याबद्दल एक ओळ होती. उरलेलं सगळं पत्र 'भाकर' तशीच ठेवली याबद्दल होतं. त्या पत्रानंतर त्यांनी आपल्याला चौदा लेख दिले. बिनमोबदला लिहिणाऱ्याचा शब्द आपण हातात कसा धरतो, हे तो बारकाईनं बघत असतो. म्हणून शुद्धलेखन तपास, वेलांट्या नीट कर, पण माणसाच्या तोंडची बोली पुसू नकोस. आणि लेखकाचं नाव, गाव बरोबर छापलं आहे ना, हे छपाईला जाण्याआधी स्वतः पाहा.

जागा देणं हा तर सगळ्यांत मोठा सन्मान. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये आपल्या नगरात 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, दोन अंकांत मिळून, मुक्ता साळवेचा निबंध छापला गेला. पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतली चौदाएक वर्षांची मांग मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं आणि आमचा धर्म कोणता, असं देवालाच विचारलं. धर्मप्रसारासाठी काढलेल्या नियतकालिकात हा प्रश्न जसाच्या तसा आला! तिच्या मागेपुढे छापलेले किती विद्वानांचे लेख आज कुणाच्या लक्षात आहेत? तिचा निबंध आजही शाळा-कॉलेजांतून, सभांतून वाचला जातो. उद्या तुझ्याकडे वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलनं लिहिलेलं असं काही आलं, तर ते बाजूला पडू देऊ नकोस. एका अंकात बसत नसेल तर दोन अंकांत घे.

पत्रांवर लिहिणाऱ्याचा पंथ कळतो. "जय ख्रिस्त" म्हणून सुरू झालं की बहुधा कॅथलिक घर, "सलाम" असला की आपल्यासारखे प्रॉटेस्टंट. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी पुष्कळ घरांतली जुन्या मिशनची ओळख अजून टिकून आहे. या सगळ्यांची पत्रं एकाच पानावर शेजारी शेजारी येऊ देत, हे मी हट्टानं केलं आणि तूही कर. आणि जे आपल्या विश्वासाचेच नाहीत, त्यांची पत्रं तर आवर्जून घे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांवरचा लेख आपण छापला, तेव्हा सर्वांत सुंदर पत्र आलं ते नेवाशाच्या एका वारकरी आजोबांचं. टिळक स्वतः म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आजोबांनी लिहिलं होतं, त्या पुलावर मी अलीकडच्या टोकाला उभा आहे, तुमचा अंक तिथं पोचतो. ते पत्र छापल्याबद्दल आपल्या दोन वर्गणीदारांनी रागावून अंक बंद केला. मला वाईट वाटलं, पण मी ते पत्र पुन्हाही छापलं असतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातले, प्रभूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठवतात ना? बरे दहा झाले, आभार मानायला परत आला एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. पत्रांच्या बाबतीत हे प्रमाण मला नेहमी खरं वाटत आलंय. उरलेल्या नऊ जणांवर राग धरू नकोस. प्रभूने ते कुठे आहेत असं विचारलं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. न लिहिणाऱ्या वाचकाचाही अंक वेळेवर गेला पाहिजे, पत्त्याचं लेबल नीट चिकटलेलं पाहिजे, पिनकोड बरोबर पाहिजे.

वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचं उदाहरण मी मंडळींना नेहमी द्यायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत संपादक होते. चर्चच्या मासिकाचे संपादक असून ते वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरले. अंकावर प्रेम करणारा वाचक फक्त आपल्या मनासारखं वाचायला मागतो असं नाही, हे त्यांच्याकडे बघून मला पटलं. म्हणून टीकेचं पत्र आलं की तेही लेखकाकडे पाठव, मात्र आधी फोन करून सांग. एकट्यानं उघडून वाचायला लावू नकोस.

आता व्हॉट्सअॅपबद्दल तू विचारलंयस. लोक एकाच पानाचा फोटो पुढे पाठवतात, खाली जोडलेले हात आणि फुलं. त्याला कमी लेखू नकोस. माझी पत्रं टपालाने आली, तुझी अशी येतील. फक्त उलट विचार, "यातलं काय आवडलं?" दहातले सात जण काही लिहिणार नाहीत. तीन जण लिहितील, आणि त्यांचं लिहिणं खरं पत्र असेल. ते वहीत हातानं उतरवून घे, तारीख घालून. फोन बदलतात, वही राहते.

वही कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात आहे, निळ्या पुठ्ठ्याची. डावीकडे कुणाचं पत्र, उजवीकडे कुणाला पोचवलं. शेवटच्या पानावर तीन नोंदींपुढची उजवी बाजू कोरी आहे, माझ्या ऑपरेशनमुळे राहून गेल्या. दोन पत्ते तिथंच लिहिलेत. तिसरे लेखक घर सोडून मुलाकडे गेलेत, त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही. त्यांची बहीण आपल्याच चर्चला येते, उपासना सुटल्यावर नळाजवळ मुलांच्या बाटल्या भरत उभी असते. या रविवारी तिला गाठ.

तुझी,
मावशी